ग्रोमॅक्स सोर्सपासून इन्स्टॉल करताना: आधी व्हर्जनांची साखळी, मग कमांड

प्रोटीन, मेम्ब्रेन किंवा औषधाच्या रेणूंचं मॉलिक्युलर डायनॅमिक्स, म्हणजे रेणूंच्या हालचालींचं संगणकावरचं सिम्युलेशन, करणाऱ्याला कधी ना कधी ग्रोमॅक्स (त्यासाठीचा प्रोग्राम) सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून, बिल्ड करावं लागतं. कमांड तशा मोजक्याच आहेत: फाइल उघडा, सीमेक (बिल्डची तयारी करणारा प्रोग्राम) चालवा, मेक (प्रत्यक्ष बिल्ड), मेक चेक (चाचण्या), मेक इन्स्टॉल. तरीही लोकांचे दिवसच्या दिवस त्यात जातात. बहुतेक वेळा कमांड बरोबर असते. ग्राफिक्स कार्ड, ड्रायव्हर, कुडा (एनव्हिडियाच्या कार्डावर गणित चालवणारं सॉफ्टवेअर), कंपायलर (कोडपासून प्रोग्राम बनवणारा), सीमेक आणि ग्रोमॅक्स यांच्या व्हर्जनांचा एकमेकांशी मेळ नसतो. हा मेळ पहिली कमांड देण्याआधी कागदावर जुळवता येतो. तो जुळवला की उरलेलं काम अर्ध्या दिवसाचं आहे.

हा लेख लिनक्स, मुख्यतः उबुंटू किंवा विंडोजमधलं डब्ल्यूएसएल-२ (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय), आणि एनव्हिडियाचं कार्ड असलेल्या मशीनसाठी आहे. शेवटी क्लस्टरबद्दल (एकत्र जोडलेल्या अनेक मशीनबद्दल) वेगळं लिहिलं आहे. कमांड आणि पर्यायांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये द्यायची. नेमकं स्पेलिंग तुमच्या व्हर्जनच्या इन्स्टॉल गाइडमध्ये शेजारी उघडं ठेवा.

टप्पा १: सोर्सपासून बिल्ड खरंच हवं का, ते ठरवा

फक्त शिकायचं असेल, लहान प्रोटीन पाण्यात ठेवून पहिलं सिम्युलेशन करायचं असेल, तर उबुंटूच्या ॲप्टमधून (पॅकेज टाकण्याच्या साधनातून) मिळणारं पॅकेज पुरतं. उबुंटू २२.०४ मध्ये ते ग्रोमॅक्स २०२१.४ आहे. ते कुडासाठी बिल्ड केलेलं नसतं आणि तुमच्या प्रोसेसरचा पूर्ण वेगही वापरत नाही, पण फाइली तयार करणं आणि विश्लेषण यांत काही अडत नाही. कार्ड वापरायचं असेल, विशिष्ट व्हर्जन हवं असेल किंवा प्लुमेडसारखी जोड (ग्रोमॅक्सला जोडून वापरायचं वेगळं सॉफ्टवेअर) लागणार असेल, तर पुढे चला.

टप्पा २: मशीनची कुंडली लिहून काढा

एक साधी टेक्स्ट फाइल उघडा आणि त्यात या गोष्टी लिहा: लिनक्सचं व्हर्जन, प्रोसेसरचं मॉडेल, कार्डचं मॉडेल, ड्रायव्हरचा क्रमांक, कुडा टूलकिटचं (बिल्डसाठी लागणाऱ्या कुडा साधनांचं) व्हर्जन, जीसीसी या कंपायलरचं व्हर्जन, सीमेकचं व्हर्जन, एकूण रॅम.

सगळ्यात जास्त घोटाळा कुडाच्या आकड्यात होतो. एनव्हिडिया-एसएमआय ही कमांड दिली की वर उजवीकडे 'कुडा व्हर्जन' असा आकडा दिसतो. तो टूलकिटचा आकडा नाही. हा ड्रायव्हर जास्तीत जास्त कुठल्या कुडापर्यंत चालेल, एवढंच तो सांगतो. तिथे १२.४ दिसत असताना मशीनवर टूलकिट अजिबात नसू शकतं, किंवा ११.५ असू शकतं. टूलकिटचं खरं व्हर्जन एनव्हीसीसीला, म्हणजे टूलकिटमधल्या कुडा कंपायलरला, विचारायचं.

तपासणी: एनव्हीसीसीचं उत्तर आणि एनव्हिडिया-एसएमआयचा आकडा, दोन्ही स्वतंत्र ओळींवर लिहिलेत का? एनव्हीसीसीचा आकडा एसएमआयच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर इथेच थांबा आणि आधी ड्रायव्हर बघा.

डब्ल्यूएसएल-२ वाल्यांसाठी सावधान: ड्रायव्हर विंडोजमध्ये असतो, तोच आतल्या लिनक्सला मिळतो. लिनक्सच्या आत पुन्हा ड्रायव्हर टाकू नका. नुसतं 'कुडा' नावाचं पॅकेज टाकलं की टूलकिटबरोबर ड्रायव्हरही येतो आणि कार्ड दिसेनासं होतं. फक्त टूलकिटचं पॅकेज निवडा. आणि बिल्ड लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये करा. विंडोजच्या सी ड्राइव्हवर केलं तर फाइलींची ये-जा फारच मंद होते.

टप्पा ३: तुमच्याच व्हर्जनचं डॉक्युमेंटेशन उघडा

सर्च इंजिनवर 'ग्रोमॅक्स इन्स्टॉलेशन' टाकलं की जुन्या व्हर्जनची पानंही वर येतात. दिसायला ती सगळी सारखीच, त्यामुळे आपण वेगळ्या व्हर्जनचं वाचतोय हे लक्षात येत नाही. पानाच्या पत्त्यात आणि मथळ्यात व्हर्जनचा आकडा असतो, तो तुम्ही घेणार असलेल्या ग्रोमॅक्सच्या आकड्याशी ताडून पाहा. ग्रोमॅक्सच्या साइटवर प्रत्येक व्हर्जनचा स्वतंत्र गाइड आहे, आणि सोर्सच्या फोल्डरमध्येही इन्स्टॉलची फाइल येते.

यामुळे काय बिघडतं याचं ठळक उदाहरण म्हणजे कार्ड वापरण्याचा पर्याय. २०२१ च्या आधी जीएमएक्स-जीपीयू या पर्यायाला 'ऑन' अशी किंमत द्यायची. २०२१ पासून तिथे 'कुडा', 'ओपनसीएल' किंवा 'सायकल' असं कार्ड वापरण्याच्या पद्धतीचं नाव द्यावं लागतं. जुन्या लेखातली ओळ नव्या व्हर्जनवर चिकटवली की सीमेक अडतं आणि विद्यार्थी कुडा पुन्हा टाकायला बसतो. कुडात काहीच बिघडलेलं नसतं.

गाइडमध्ये आधी 'प्रीरिक्विझिट्स' (आधी काय काय लागतं) हा भाग वाचा आणि किमान व्हर्जनं आपल्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवा. मग रिलीज नोट्समधले दोनच भाग वाचा: काय काढून टाकलं, आणि पोर्टेबिलिटी (कशाकशावर चालतं). एवढं पुरतं. पाच मिनिटांचं वाचन आहे, पण नेमकं तेच कोणी करत नाही.

टप्पा ४: साखळी न बदलणाऱ्या टोकापासून जुळवा

बहुतेक जण सर्वांत नवं ग्रोमॅक्स उतरवून घेतात आणि मग बाकीचं त्याच्याशी जुळवायला जातात. क्रम उलटा हवा. जे तुम्हाला बदलता येत नाही तिथून सुरुवात करा: कार्ड, मग ड्रायव्हर, मग कुडा, मग कंपायलर, मग सीमेक, आणि त्यात बसेल ते ग्रोमॅक्स.

कार्ड ते कुडा: नव्या कार्डाला नवं कुडा लागतं. आरटीएक्स ४० मालिकेसाठी कुडा किमान ११.८, आरटीएक्स ५० मालिकेसाठी किमान १२.८. उलट दिशेनेही मर्यादा आहे. कुडा १२ ने केप्लर या जुन्या पिढीची कार्डं सोडली, म्हणजे ती त्यावर चालत नाहीत. कुडा १३ ने मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टाही सोडली. म्हणजे प्रयोगशाळेत जीटीएक्स १०८० असेल, जे पास्कल आहे, तर कुडा १३ तुमच्या कामाचं नाही, कितीही नवं असलं तरी.

ड्रायव्हर ते कुडा: लिनक्सवर कुडा १२ ला ५२५ मालिकेचा किंवा त्यापुढचा ड्रायव्हर लागतो. विभागाच्या सामायिक मशीनवर ड्रायव्हर तुमच्या हातात नसतो. तेव्हा ॲडमिनला विचारण्याआधी नेमका कुठला क्रमांक हवा ते लिहून न्या.

कुडा ते जीसीसी: इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून जरा सविस्तर. प्रत्येक कुडा जीसीसीच्या एका ठराविक व्हर्जनपर्यंतच चालतं. कुडा १२.० जीसीसी १२ पर्यंत, १२.४ जीसीसी १३ पर्यंत. आता उबुंटू २४.०४ बघा: मुळातलं जीसीसी १३, आणि ॲप्टमधून मिळणारं कुडा १२.०. दोन्ही त्याच उबुंटूतून आलेली, तरी एकमेकांशी जमत नाहीत. एरर येते ती अशी: 'अनसपोर्टेड जीएनयू व्हर्जन, १२ च्या पुढची जीसीसी व्हर्जनं चालणार नाहीत'. उपाय सोपा आहे. जीसीसी-१२ आणि जी-प्लस-प्लस-१२ ही दोन्ही पॅकेजं शेजारी टाका, जुनं काढू नका, आणि सीमेकला सांगा की हेच वापर.

उबुंटू २२.०४ वरची गोष्ट अधिक फसवी आहे. तिथे ॲप्टचं कुडा ११.५ आणि मुळातलं जीसीसी ११. एनव्हिडियाच्या यादीप्रमाणे ही जोडी चालायला हवी. पण बिल्ड मध्येच तुटतं आणि 'पॅरामीटर पॅक्स नॉट एक्स्पांडेड' अशी ओळ दिसते, तीही ग्रोमॅक्सच्या फाइलमध्ये नाही तर सी-प्लस-प्लसच्या एसटीडी-फंक्शन या हेडर फाइलमध्ये. ही ओळ दिसली की ग्रोमॅक्सच्या सोर्सला हात लावू नका. जीसीसी १० घ्या, किंवा एनव्हिडियाच्या रिपॉझिटरीतून नवं कुडा टाका. दुसरा मार्ग जास्त टिकाऊ.

सावधान: 'अलाउ अनसपोर्टेड कंपायलर' हा पर्याय देऊन एरर गप्प करण्याचा सल्ला इंटरनेटवर सर्रास मिळतो. तो घेऊ नका. बिल्ड पूर्ण होईलही, पण न तपासलेल्या जोडीवर काढलेल्या आकड्यांची खात्री कोण देणार? सिम्युलेशन चुकतं तेव्हा ते दर वेळी बंद पडतं असं नाही. चुकीचं उत्तर देत ते शांतपणे चालूही राहतं.

सीमेक: ग्रोमॅक्स २०२४ ला सीमेक ३.१८.४ पुरतं, २०२५ ला ३.२८ लागतं. उबुंटू २२.०४ वर ३.२२ मिळतं, म्हणजे २०२५ साठी तिथे सीमेक वेगळं आणावं लागेल. सीमेकच्या साइटवरची तयार फाइल होम फोल्डरमध्ये उघडून वापरता येते, रूट (ॲडमिनची) परवानगी लागत नाही. नाहीतर २०२४ मालिकेवर राहा; त्यात काही कमीपणा नाही.

जोड-सॉफ्टवेअर: प्लुमेड वापरणार असाल तर त्याचा पॅच (ग्रोमॅक्सच्या कोडमध्ये करायचा बदल) ठराविक ग्रोमॅक्स व्हर्जनांनाच लावता येतो. प्लुमेड आधी इन्स्टॉल करा, त्याच्या पॅच कमांडला यादी विचारा, आणि त्या यादीतलंच ग्रोमॅक्स उतरवा. पॅच सीमेकच्या आधी लावायचा.

तपासणी: टेक्स्ट फाइलमध्ये आता प्रत्येक कडीसमोर 'माझ्याकडे काय' आणि 'किमान-कमाल काय' असे दोन आकडे हवेत. एकही जागा रिकामी असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ५: शेल स्वच्छ करा

ॲनाकोंडा किंवा मिनीकोंडा (पायथनची पॅकेजं सांभाळणारी साधनं) वापरत असाल तर प्रॉम्प्टच्या आधी कंसात 'बेस' दिसतं. ते दिसत असताना सीमेक कधीही चालवू नका. सीमेक लायब्ररी शोधत फिरतं आणि कोंडाच्या फोल्डरमधली एफएफटीडब्ल्यू, एमकेएल (गणिताच्या लायब्ररी) किंवा आणखी काही उचलतं. बिल्ड कदाचित होतं, आणि मग चालवताना 'जीएलआयबीसीएक्सएक्स ३.४.३० नॉट फाउंड' अशी तक्रार येते. तिचा अर्थ एवढाच: प्रोग्राम जीसीसी १२ किंवा नव्याने बनला, पण चालताना त्याला जुनी सी-प्लस-प्लस लायब्ररी सापडली. कोंडा डीॲक्टिव्हेट करा, 'बेस' जाईपर्यंत. आणि एलडी-लायब्ररी-पाथ (लायब्ररी कुठे शोधायच्या त्याची यादी) मध्ये काय आहे ते एकदा छापून बघा. जुन्या एखाद्या प्रोग्रामने तिथे काहीतरी ठेवलेलं हमखास सापडतं.

टप्पा ६: सीमेक

सोर्स उघडा, आत 'बिल्ड' नावाचं नवं फोल्डर करा, तिथून सीमेक चालवा. पहिल्या बिल्डसाठी एवढे पर्याय पुरेत:

१. जीएमएक्स-बिल्ड-ओन-एफएफटीडब्ल्यू: ऑन. मग ग्रोमॅक्स स्वतःला हवी तशी एफएफटीडब्ल्यू आणून बनवतं. स्वतः बनवलेली वापरायची तर ती सिंगल प्रिसिजनमध्ये (आकडे कमी अंकांत साठवणारी; डबलमध्ये जास्त अंक), म्हणजे 'एनेबल फ्लोट' देऊन बनवलेली हवी. नुसती बनवली तर ती डबल प्रिसिजनची होते आणि ग्रोमॅक्सला ती सापडतच नाही.

२. रिग्रेशनटेस्ट-डाउनलोड: ऑन. मेक चेकसाठीच्या टेस्टच्या फाइली यामुळे उतरतात.

३. जीएमएक्स-जीपीयू: कुडा.

४. सी, सी-प्लस-प्लस आणि कुडा-होस्ट, तिन्ही कंपायलर पूर्ण पत्त्यासह. दोनच दिले आणि तिसरा राहिला, हे नेहमीचं आहे.

५. इन्स्टॉल-प्रीफिक्स: होममधलं असं फोल्डर ज्याच्या नावात व्हर्जन आणि कुडा दोन्ही आहेत. काही दिलं नाही तर ते यूएसआर-लोकलमध्ये जातं, त्याला रूट परवानगी लागते आणि पुढचं व्हर्जन त्याच्यावरच बसतं.

डबल प्रिसिजन 'जास्त अचूक' म्हणून चालू करू नका. ग्रोमॅक्सचं नेहमीचं रूप मिक्स्ड प्रिसिजनचं आहे आणि बहुतेक सिम्युलेशनला तेच योग्य. डबलमध्ये कुडा चालतच नाही. नॉर्मल मोड ॲनॅलिसिससारख्या (रेणूच्या कंपनांच्या विश्लेषणासारख्या) कामाला डबल लागतं, तेव्हा ते वेगळ्या फोल्डरमध्ये वेगळं बिल्ड करा. तसंच एमपीआय (एक काम अनेक प्रक्रियांत वाटून चालवण्याची पद्धत): एकाच मशीनवर चालवायचं असेल तर ग्रोमॅक्सचं अंगचं थ्रेड-एमपीआय पुरतं. बाहेरचं एमपीआय अनेक नोडांसाठी, म्हणजे क्लस्टरमधल्या अनेक मशीनसाठी.

सावधान: सीमेक अडलं, पर्याय बदलला आणि त्याच फोल्डरमध्ये पुन्हा चालवलं, की जुनी उत्तरं सीमेक-कॅशमधून परत येतात. विशेषतः कंपायलर बदलला असेल तर बिल्ड फोल्डर पूर्ण पुसून नव्याने करा. 'सगळं बरोबर दिलं तरी तीच एरर' या तक्रारीचं कारण बहुधा हेच असतं.

तपासणी: सीमेकचं आउटपुट फाइलमध्ये साठवा आणि वाचा. चार ओळी शोधा: कुठला कंपायलर, कुठलं कुडा, कुठली सिमडी पातळी (एकदम अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या प्रोसेसर-सूचनांचा संच), कुठली एफएफटी लायब्ररी. एखाद्या पत्त्यात 'कोंडा' शब्द दिसला तर टप्पा ५ वर परत जा.

टप्पा ७: मेक आणि मेक चेक

मेकला 'जे' देऊन एकाच वेळी किती फाइली बनवायच्या ते सांगता येतं. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर सोळा देऊ नका. रॅम संपली की लिनक्स कंपायलरलाच मारून टाकतं आणि 'किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम' एवढंच दिसतं. ही कोडमधली चूक नव्हे. आकडा कमी करून मेक पुन्हा द्या, जिथे थांबलं तिथूनच पुढे जाईल.

खरी एरर आली तर शेवटची ओळ वाचू नका, पहिली शोधा. अनेक फाइली एकदम बनत असताना पहिली एरर बरीच वर गेलेली असते आणि खाली नुसतं 'एरर २' उरतं. 'जे' न देता मेक पुन्हा चालवा; मग थांबेल तिथेच मूळ एरर असेल. मदत मागताना हीच ओळ, सीमेकचं पूर्ण आउटपुट आणि टप्पा २ ची फाइल द्या. टर्मिनलचा मोबाइलने काढलेला फोटो कोणाच्याच उपयोगाचा नसतो.

मेक चेकला वेळ लागतो म्हणून तो सोडून देतात. कृपया सोडू नका. मशीन, कंपायलर आणि कार्ड मिळून बरोबर आकडे देतात का हे तपासणारी हीच एक जागा आहे. एखादी टेस्ट पडली तर तिचं नाव लिहून घ्या, ग्रोमॅक्सच्या ज्ञात अडचणींच्या यादीत शोधा, आणि उलगडा होईपर्यंत त्या बिल्डवर प्रबंधाचं काम करू नका.

टप्पा ८: इन्स्टॉल आणि पहिली चाचणी

मेक इन्स्टॉल झाल्यावर जीएमएक्सआरसी ही फाइल 'सोर्स' या कमांडने लोड करावी लागते, प्रत्येक नव्या टर्मिनलमध्ये. बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताच चालणाऱ्या फाइलमध्ये) टाकायची तर एकाच व्हर्जनची टाका. दोन टाकल्या की कुठलं चालतंय ते कळत नाही. 'विच जीएमएक्स' देऊन खात्री करा.

मग जीएमएक्सला, म्हणजे ग्रोमॅक्सच्या मुख्य कमांडला, त्याचं व्हर्जन विचारा. येणारं लांबलचक उत्तर ओळीओळीने वाचण्यासारखं असतं: प्रिसिजन 'मिक्स्ड', जीपीयू सपोर्ट 'कुडा', सिमडी तुमच्या प्रोसेसरप्रमाणे, आणि तळाशी कुडा ड्रायव्हर व रनटाइमचे आकडे. ड्रायव्हरपुढे ०.० दिसलं तर बिल्ड ठीक असूनही प्रोग्रामला कार्ड दिसत नाहीये.

शेवटी लहान प्रणालीवर काही हजार पायऱ्यांचं एमडीरन (सिम्युलेशन चालवणारी कमांड) चालवा आणि लॉग फाइल उघडा. 'या रनसाठी १ जीपीयू निवडला' अशा अर्थाची ओळ तिथे हवी. नसेल तर सिम्युलेशन गुपचूप प्रोसेसरवर चाललं आहे.

क्लस्टरवर असाल तर

राष्ट्रीय सुपरकंप्युटिंग मिशनमधली परम यंत्रं, जसं पुण्याच्या आयसरमधलं परम ब्रह्म किंवा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं परम प्रवेग, किंवा तुमच्या संस्थेचा छोटा क्लस्टर, कुठेही आधी 'मॉड्यूल अव्हेल' (तयार सॉफ्टवेअरची यादी दाखवणारी कमांड) देऊन ग्रोमॅक्स तयार आहे का ते बघा. असेल तर तेच वापरा.

स्वतः बिल्ड करायचंच असेल तर लॉगिन नोड (जिथे तुम्ही लॉगिन करता) आणि कॉम्प्युट नोड (जिथे जॉब चालतो) यांचे प्रोसेसर वेगळे असू शकतात हे ध्यानात घ्या. सीमेक ज्या मशीनवर चालतं त्याच्याच प्रोसेसरची सिमडी पातळी निवडतं. लॉगिन नोड नवा आणि कॉम्प्युट नोड जुना असेल तर जॉब सुरू होताच 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून मरतो. उलट असेल तर जॉब चालतो, पण मंद; लॉगमध्ये मात्र 'वेगळ्या हार्डवेअरसाठी कंपाइल केलं आहे' अशी सूचना येते. जीएमएक्स-सिमडी हा पर्याय हाताने द्या, किंवा इंटरॲक्टिव्ह जॉब घेऊन कॉम्प्युट नोडवरच बिल्ड करा. दुसऱ्या मार्गात एक अडचण: कॉम्प्युट नोडला बहुधा इंटरनेट नसतं, त्यामुळे एफएफटीडब्ल्यू आणि टेस्टच्या फाइली आधीच उतरवून ठेवाव्या लागतात.

बिल्ड करताना जी मॉड्यूल लोड केली तीच, त्याच क्रमाने, जॉब स्क्रिप्टमध्येही लिहा. लॉगिन नोडवर चालतं आणि रांगेत गेल्यावर लायब्ररी सापडत नाही, त्याचं कारण हेच.

जुन्या फाइली आणि जुने धडे

नवं व्हर्जन बसलं तरी जुना धडा (ट्युटोरियल) त्यावर चालेलच असं नाही. ५.० पासून सगळी साधनं एका जीएमएक्स कमांडखाली आली. त्यामुळे धड्यात नुसतं 'ग्रॉम्प' किंवा 'जी-एनर्जी' असेल तर ते 'जीएमएक्स ग्रॉम्प', 'जीएमएक्स एनर्जी' असं द्यायचं. एमडीपी (सिम्युलेशनच्या सेटिंगच्या) फाइलमध्ये कटऑफ स्कीम (किती अंतरापर्यंतचे अणू मोजायचे, त्याची पद्धत) 'ग्रुप' असेल तर २०२० पासून ती चालत नाही. तिथे नुसतं 'व्हर्लेट' लिहून पुढे जाऊ नका. कटऑफची अंतरं आणि बाकीच्या सेटिंग तुमच्या फोर्स फील्डच्या (अणूंमधल्या बलांच्या सूत्रांच्या संचाच्या) शिफारशीप्रमाणे पुन्हा बघा.

टीपीआर फाइल (सिम्युलेशन चालवायला लागणारी तयार फाइल) नव्या व्हर्जनने बनवली तर जुनं व्हर्जन ती वाचत नाही. घरच्या लॅपटॉपवर २०२५ आणि क्लस्टरवर २०२३ असेल तर टीपीआर क्लस्टरवरच बनवा. आणि अर्धवट झालेलं सिम्युलेशन चेकपॉइंटवरून (मध्येच साठवलेल्या स्थितीवरून) पुढे नेताना ग्रोमॅक्सचं मुख्य व्हर्जन बदलू नका. एका प्रकल्पातले सगळे रन एकाच बिल्डवर पूर्ण करा, आणि टप्पा २ ची टेक्स्ट फाइल, पूर्ण सीमेक कमांडसकट, त्या प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच ठेवा. प्रबंधात पद्धतींचं प्रकरण लिहिताना व्हर्जन, प्रिसिजन आणि हार्डवेअर तिथूनच घ्यायचं आहे.